रुग्णाचे गुपित आणि लोकारोग्य : एका नैतिक पेचाचे विवेचन

प्रस्तावना

वैद्यकीय व्यवसाय हा विश्वासावर उभा असलेला व्यवसाय आहे. रुग्ण जे आपल्या जिवलगांनाही सांगत नाही ते वैद्यास सांगतो आणि ते तेथेच राहील असे गृहीत धरतो. हे गृहीत फार प्राचीन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आचार्याने शिष्यास करावयाच्या उपदेशामध्ये, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे बजावलेले आढळते. ग्रीक परंपरेतील हिपॉक्रेटिसच्या शपथेतही याच आशयाचे वचन आहे. परस्परांपासून दूर असलेल्या दोन परंपरांना एकच नियम आवश्यक वाटला यामागे केवळ सौजन्याची भावना नाही. गुपित राखले जाणार नसेल तर रुग्ण खरे बोलणार नाही आणि तो खरे बोलला नाही तर निदान चुकेल, हा त्यामागील रोकडा व्यवहार आहे.

संसर्गजन्य रोगाच्या बाबतीत मात्र हा नियम अडचणीत येतो. क्षय, प्लेग, एचआयव्ही यांसारख्या रोगांत रुग्णाचे गुपित हे एकट्या रुग्णाचे राहत नाही. ते न कळल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचू शकतो. अशा वेळी डॉक्टरने मौन पाळावे की बोलावे? शासनाने रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याला अलग ठेवावे काय?

नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा पेच सामान्यतः ‘व्यक्तिहित विरुद्ध समाजहित’ या स्वरूपात मांडला जातो. तराजूच्या एका पारड्यात एक रुग्ण व दुसऱ्या पारड्यात सारा समाज, अशी ही मांडणी असते. ती सोपी असल्यामुळे लोकप्रिय झाली असली तरी अपुरी आहे. एक तर संख्येच्या बळावर समाजाचे पारडे नेहमीच जड होणार हे आधीच ठरून जाते. दुसरे असे की, गुपित फोडले की समाजाचे हित साधते, हे तीत सिद्ध न करताच मानलेले असते. अनुभव पुष्कळदा याच्या उलट आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र व गोवा येथील काही प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. गुपित कोणासमोर उघड होते आणि ज्याचे गुपित उघड झाले त्यास मोबदल्यात काय मिळते, या दोन बाबींवर सक्तीची नैतिकता अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्लेग : चार कलमांचा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मूळच्या गोव्याच्या या डॉक्टरांनी रोगाचे नाव उच्चारले तेव्हा ते अनेकांना पटले नाही. पुढील काही महिन्यांत शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडले व त्यांच्याबरोबर रोगही पसरला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत केला.

हा अधिनियम मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यात अवघी चार कलमे होती. पहिले कलम नाव व व्याप्ती सांगणारे. दुसऱ्याने शासनास साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याचे, प्रवाशांची तपासणी करण्याचे व संशयितांना अलग ठेवण्याचे अधिकार दिले. तिसऱ्याने आज्ञाभंगासाठी शिक्षा सांगितली. चौथ्या कलमाने सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, असे संरक्षण दिले. रुग्णास औषध मिळेल, अलगीकरणात अन्न मिळेल, जाळलेल्या सामानाची भरपाई मिळेल, तक्रार ऐकून घेतली जाईल, यांपैकी एकही शब्द त्यात नाही. अधिकार सर्व एका बाजूस व कर्तव्ये सर्व दुसऱ्या बाजूस, अशी ही विभागणी होती.

पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला हे सर्वश्रुत आहे. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी लष्कर वापरले. सैनिक स्वयंपाकघरात व देवघरात शिरले. स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांसमोर झाली. सामान जाळण्यात आले. रुग्णासोबत घरातील निरोगी माणसांचीही रवानगी छावणीत झाली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकांतून हा प्रसंग राष्ट्रवादाच्या संदर्भात शिकविला जातो आणि ते योग्यही आहे. परंतु लोकारोग्याच्या दृष्टीने त्यातील दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची आहे : लोक रुग्ण लपवू लागले. माळ्यावर, अडगळीच्या खोलीत, नातेवाइकांच्या घरी रुग्ण दडविले गेले. मृत्यू झाल्यास प्रेताची विल्हेवाटही गुपचूप लावण्याचे प्रयत्न झाले. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये एका आजारी मुलीस तपासण्यासाठी आलेल्या पथकावरून दंगल उसळली. रोग उघडकीस आणण्यासाठी योजलेल्या उपायाने रोगास अंधारात ढकलले.

यावरून त्या काळचे सर्व टीकाकार अलगीकरणाच्याच विरोधात होते, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. लोकमान्य टिळकांनी पुणे सोडले नाही, प्रतिबंधक उपायांची गरज मान्य केली आणि हिंदू रुग्णांसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप पद्धतीस होता. त्याच सुमारास पुण्याच्या वेशीबाहेर सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत हे प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. रुग्णसेवेतच संसर्ग होऊन सावित्रीबाईंचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. त्यांच्या दवाखान्यातही रुग्ण घरापासून दूरच ठेवला जात होता. म्हणजे तांत्रिक अर्थाने तेही अलगीकरणच. तरी एका ठिकाणी नेल्या जाणाऱ्या रुग्णास लोक लपवीत होते, तर दुसरीकडे स्वतः सावित्रीबाई रुग्णास आणीत होत्या. हा फरक रोगाच्या स्वरूपाचा नसून, नेणारा माणूस रुग्णासाठी काय करणार आहे याविषयीच्या विश्वासाचा होता.

येथे आणखी एका कायद्याचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरणार नाही. १८९८ च्या कुष्ठरोग अधिनियमाने सक्तीने अटकावून ठेवण्याची तरतूद केली ती निर्धन कुष्ठरुग्णांसाठी. ज्याच्याजवळ घर व पैसा होता त्याचा कुष्ठरोग जणू कमी संसर्गजन्य होता! लोकहिताच्या नावाने केलेली सक्ती प्रत्यक्षात कोणावर कोसळते, याचा हा नमुना होय. हा अधिनियम २०१६ पर्यंत रद्द झालेला नव्हता.

गोवा, १९८९

प्लेगच्या प्रसंगास परकीय सत्तेची पार्श्वभूमी होती, त्यामुळे सक्तीचा दोष परकीयत्वावर टाकून मोकळे होता येते. पुढील प्रसंगात ती सोय नाही.

गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८० च्या दशकात दुरुस्ती होऊन, रक्ततपासणीत एड्सचा विषाणू आढळलेल्या व्यक्तीस अलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली. फेब्रुवारी १८९७ नंतर बरोबर ९२ वर्षांनी, म्हणजे फेब्रुवारी १९८९ मध्ये, एका तरुणास या तरतुदीखाली पोलिसांमार्फत ताब्यात घेऊन म्हापसा येथे क्षयरुग्णांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीत ठेवण्यात आले. तो तेथे ६४ दिवस होता. त्याच्या रक्तातील विषाणूचा शोध लागला तो त्याने स्वेच्छेने केलेल्या रक्तदानातून. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. ‘लुसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात न्यायालयाने तरतूद वैध ठरविली. व्यक्तीचा अधिकार व समाजाचे हित यांत संघर्ष उद्भवल्यास व्यक्तीच्या अधिकारास माघार घ्यावी लागेल, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

तराजूची भाषा येथे पूर्णपणे वापरली गेलेली दिसते. परंतु पारड्यात काय घातले गेले हे तपासून पाहिले पाहिजे. एचआयव्ही हा विषाणू हवेतून, स्पर्शातून किंवा एकत्र राहण्याने पसरत नाही, हे १९८९ पर्यंत वैद्यकशास्त्रास ज्ञात झाले होते. म्हणजे त्या तरुणास कोंडून ठेवल्याने समाजाच्या पारड्यात पडणारे वजन जवळजवळ शून्य होते. उलटपक्षी त्या घटनेतून इतरांना मिळालेला संदेश स्पष्ट होता : रक्त दिले तर तुरुंगसदृश खोली वाट्यास येऊ शकते. रक्तदान व स्वेच्छेने होणारी तपासणी या लोकारोग्याच्या आधारस्तंभांवरच या संदेशाचा आघात झाला. त्या तरुणाने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला व १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

न्यायालयांचा बदलता दृष्टिकोन

याच मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात निराळी दिशा दाखविली. सार्वजनिक उपक्रमातील एका हंगामी कामगारास एचआयव्ही बाधित असल्याच्या कारणावरून काम नाकारण्यात आले होते. तो काम करण्यास सक्षम आहे व सहकाऱ्यांना त्याच्यापासून लक्षणीय धोका नाही, तेव्हा केवळ बाधा झाल्याच्या कारणावरून रोजगार नाकारणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. यातील एक बारीक गोष्ट अधिक मोलाची आहे. अर्जदारास टोपणनावाने दावा चालविण्याची मुभा न्यायालयाने दिली. न्याय मागण्यासाठी गुपित गमवावे लागणार असेल तर न्याय मागणारेच पुढे येणार नाहीत, हे त्यामुळे अधिकृतपणे मान्य झाले.

सर्वोच्च न्यायालयाचा ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ (१९९८) हा निर्णय अधिक चर्चिला गेला. रक्तदानातून बाधा असल्याचे उघड झालेल्या एका डॉक्टरचे गुपित रुग्णालयाकडून बाहेर गेले, त्याचा ठरलेला विवाह मोडला व त्यास आपले गाव सोडावे लागले. न्यायालयाने त्याचा नुकसानभरपाईचा दावा फेटाळताना, गोपनीयतेचा हक्क निरपेक्ष नाही व नियोजित वधूच्या जिवास असलेला धोका तिला कळणे हा तिचा हक्क आहे, असे म्हटले. येथवर निर्णयाचे समर्थन करता येते. येथे ‘समाज’ नावाची अमूर्त संकल्पना नसून एक विशिष्ट स्त्री होती व तिला असलेला धोका प्रत्यक्ष होता. मात्र बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो, असेही न्यायालय त्या वेळी म्हणून गेले. ते विधान त्या प्रकरणात आवश्यक नव्हते, असे २००२ मध्ये याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहिला होता. वधूस माहिती कळणे आणि साऱ्या गावास ती कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुपित ज्याला कळणे आवश्यक आहे त्याला सांगितले जाण्याऐवजी ते गळते, तेव्हा रक्षण कोणाचेच होत नाही व शिक्षा मात्र रुग्णास होते. या भेदाची कायदेशीर मांडणी होण्यास बराच काळ गेला. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार जोडीदारास माहिती देण्याचा अधिकार डॉक्टर किंवा समुपदेशक यांनाच आहे. त्यासाठीही जोडीदारास लक्षणीय धोका असल्याची सकारण खात्री हवी, रुग्णाचे आधी समुपदेशन झालेले हवे, तो स्वतः सांगणार नाही असे दिसून आलेले हवे आणि आपण सांगणार आहोत हे रुग्णास कळविलेले हवे. याशिवाय एक अपवाद आहे. बाधित व्यक्ती स्त्री असेल व माहिती दिल्याने तिच्यावर हिंसाचार होण्याची किंवा तिला टाकून देण्याची सकारण भीती असेल, तर पतीस माहिती देता येत नाही.

हा अपवाद वाचताना अनेकांना खटकतो. पतीच्या जिवाचे काय, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तच आहे. परंतु गरोदरपणातील तपासणीमुळे घरात सर्वप्रथम स्त्रीचीच बाधा उघड होण्याचा प्रसंग आपल्याकडे वारंवार येतो. संसर्ग पतीकडून आलेला असला तरी आधी कळले तिचे, म्हणून दोष तिच्या माथी मारला जातो. कायद्याने या सामाजिक वास्तवाची दखल घेतली आहे. पेच त्यामुळे सुटलेला नाही. तो समुपदेशकाच्या टेबलावर जिवंतच आहे. पतीला स्वतंत्रपणे तपासणीस आणण्याचा मार्ग शोधत असताना तिची सुरक्षितता व त्याचे आरोग्य यांचा एकाच वेळी विचार त्यास करावा लागतो.

सक्तीच्या मर्यादा

शासकीय सक्ती केव्हा समर्थनीय ठरते याचे निकष आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८४ च्या सिराक्युझा तत्त्वांत आढळतात : निर्बंधास कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा, निर्बंध खरोखरच आवश्यक हवा, उपलब्ध मार्गांपैकी तो सर्वांत सौम्य हवा व तो मनमानी नसावा. म्हापशाचा प्रसंग यांतील आवश्यकतेच्या कसोटीवरच कोसळतो. कॅनडातील अभ्यासक रॉस अपशर यांनी २००२ मध्ये यांत एका महत्त्वाच्या तत्त्वाची भर घातली, ते परतफेडीचे. समाजासाठी एखाद्याने आपले स्वातंत्र्य किंवा गुपित सोडावे अशी अपेक्षा असेल, तर समाजाने त्याचा भार हलका करणे हे औदार्य नसून ऋणफेड होय. १८९७ च्या अधिनियमात नेमके हेच नव्हते.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत तोच अधिनियम पुन्हा वापरात आला. महाराष्ट्रात गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या हातावर शिक्के मारण्यात आले आणि ठिकठिकाणी रुग्णांच्या दारावर फलक लागले. सक्षम प्राधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज असे फलक लावता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. तोपर्यंत बरेच फलक लागून गेले होते. त्याच वर्षी अधिनियमात दुरुस्ती झाली, ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा देणारी. ती आवश्यकच होती. रुग्णाविषयीच्या कर्तव्यांचे कलम मात्र या वेळीही आले नाही.

क्षयरोग : नोंद कोणासाठी?

आजघडीला हा पेच सर्वाधिक प्रमाणात अनुभवास येतो तो क्षयरोगात. मे २०१२ पासून क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही ही जबाबदारी आली व नोंद न करणाऱ्यावर फौजदारी कारवाईची तरतूद झाली. या सक्तीमागील युक्तिवाद बळकट आहे. क्षय हवेतून पसरतो, अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवतो, आणि रुग्ण कोठे आहे हेच ठाऊक नसेल तर पुढचे काहीच करता येत नाही. एचआयव्हीच्या तुलनेत येथे समाजाच्या पारड्यातील वजन खरे आहे.

तरी नोंद व बोभाटा यांतील सीमारेषा येथेही पुसट होते. ‘निक्षय’ या संगणकीय प्रणालीत नाव जाणे हे रुग्णास फारसे जाचत नाही. दारात आरोग्य कर्मचारी येणे जाचते. त्यामुळे चुकीचा पत्ता देणे, घरापासून दूरचे केंद्र निवडणे, विवाहयोग्य मुलीचा आजार ‘जुना खोकला’ म्हणून सांगणे असे प्रकार घडतात. प्लेगच्या काळातील माळ्यावर दडविलेल्या रुग्णाचेच हे सौम्य रूप आहे.

महाविद्यालयांच्या संदर्भात हा प्रश्न अगदी जवळचा आहे. वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्यास फुप्फुसाच्या क्षयाचे निदान झाले, असे समजा. डॉक्टर शासनास कळवितात, ते कर्तव्यच आहे. त्याच्या खोलीतील सहनिवासींची तपासणी होणे हेही आवश्यक आहे. परंतु त्यासाठी सूचनाफलकावर नाव लागण्याची, विभागातील सर्व अध्यापकांनी जाणून घेण्याची किंवा विद्यार्थ्यास वसतिगृह कायमचे सोडावयास लावण्याची आवश्यकता नाही. औषधास दाद देणाऱ्या क्षयात परिणामकारक उपचार सुरू झाल्यावर साधारणतः दोन ते तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळच कमी होतो. तेवढ्या काळासाठी त्याची स्वतंत्र राहण्याची सोय, बुडालेल्या प्रात्यक्षिकांची भरपाई व हजेरीतील सवलत, ही त्याच्या सहकार्याची परतफेड ठरेल. या गोष्टी मिळणार आहेत असे ठाऊक असलेला पुढचा विद्यार्थी खोकला तीन आठवडे अंगावर काढण्याची शक्यता कमी असते. रुग्णास हाकलून देणाऱ्या वसतिगृहात मात्र सर्वांचाच खोकला ‘सर्दीचा’ असतो.

शासकीय पातळीवर परतफेडीचा एक प्रयत्न एप्रिल २०१८ पासून झाला. निक्षय पोषण योजनेखाली उपचार घेणाऱ्या प्रत्येक नोंदित रुग्णास पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास प्रारंभ झाला. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. साथरोगविषयक कायद्यांच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत नोंद करणाऱ्यास शिक्षेऐवजी काही देणारी ही तरतूद उल्लेखनीय आहे. मात्र ही रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. ज्या सुनेचे स्वतःचे खाते नाही, किंवा ज्या कामगाराचे खात्याचे पुस्तक घरातील दुसऱ्याच माणसाच्या हाती असते, त्यास हे पैसे घेण्यासाठी आपले गुपित आणखी कोणाला तरी सांगावे लागते. असे रुग्ण पैसे नाकारतात, की सांगून टाकतात, याचा शोध ज्या त्या गावातील आशा स्वयंसेविकेस व उपचार पर्यवेक्षकास घ्यावा लागणार आहे.